चौदा टाक्यांचं पाकीट

वागळे इस्टेट, ठाणे
४ नोव्हेंबर २०२५

वन्सं,

पाया पडते. तुमच्या गुडघ्याचं नंतर विचारीन, आधी माझं ऐका.

कलावतीने मला कागद पाठवलाय. ठाणे कोर्टाच्या आवारात मध्यस्थी केंद्र आहे, तिथून आलाय. गाळ्यातल्या संचिताने दोनदा वाचून दाखवला. भागीदारीचं भांडण आहे, कोर्टात जायच्या आधी दोघींनी समोरासमोर बसून मिटतंय का बघा, असं त्यात आहे. मधे एक मध्यस्थ बाई बसणार. वीस तारखेला बोलावलंय.

चौदा वर्षं एका गाळ्यात एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, आणि आता आम्हाला बोलायला तिसरं माणूस लागतं बघा.

तिला काय पाहिजे? फर्मे! तुमच्या भावाने हाताने कापलेले पत्र्याचे फर्मे, हातमोज्यांचे. कॅनव्हासवर फर्मा ठेवायचा, खडूने कड आखायची, की झाली कटिंग. कंपनीतल्या ड्रम उचलणाऱ्या माणसांना आमचेच हँडग्लोज लागतात, कारण बसतात तसे दुसऱ्या कुणाचे बसत नाहीत. ते मोजमाप कुणाचं? ह्यांचं. स्वतःचा हात पत्र्यावर ठेवून आखला होता. जाऊन सहा वर्षं झाली, हात अजून गाळ्यात आहे असं मी म्हणते. दर खंडेनवमीला कानस मारून, पॉलिश पेपरने घासून, तेल लावून, हळदकुंकू वाहते मी त्यांना. कलावतीने एकदा तरी घासले?

ती म्हणते धंदा दोघींचा, मग फर्मे दोघींचे. मग चोरून का आखून नेत होती? वर्षापूर्वी मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्रावर फर्मा ठेवून पेन्सिल फिरवत होती. विचारलं तर गप्प. दुसऱ्या दिवशी मी कपाटाला कुलूप घातलं. तिने कुलूप बघितलं, पिशवी उचलली आणि गेली ती गेलीच. आता डोंबिवलीत तिचा वेगळा गाळा आहे, तुमच्यापासून दोन बिल्डिंगवर राहते, तुम्हालाच जास्त माहीत.

मिटलं नाही तर तिचा वकील कोर्टात जाणार आणि निकाल लागेस्तोवर फर्मे वापरू नका असा हुकूम मागणार. म्हणजे माझा गाळा बंद आणि नऊ बायका घरी.

तुम्ही एवढंच करा. तिच्याकडे कोण येतं, कोण जातं, बघत राहा. तुम्हीच तिची माझी ओळख करून दिलेली, तुमच्यावर तिला संशय येणार नाही.

फोनवर बोलू नका. फोन रेकॉर्ड होतो आणि व्हॉट्सअॅपचं कुठून कुठं जातं कुणाला कळत नाही. रमाबाई रोज डोंबिवलीहून कामाला येते, तिच्या हाती कागद पाठवा. माझं पाकीट मी मशीनवर शिवलंय. टाके मोजून घ्या, चौदा आहेत. कमी असले तर तिने उसवून परत शिवलं समजा.

मालन


डोंबिवली पूर्व
७ नोव्हेंबर २०२५

मालन,

टाके मोजले. चौदाच होते. रमाबाई बिचारी उभी होती, तिच्यासमोर मोजताना मलाच लाज वाटली.

कागद आला म्हणून घाबरू नकोस. आमच्या सोसायटीच्या गच्चीचं भांडण असंच मिटलं होतं. तो मध्यस्थ निकाल देत नाही. दोघांना पटलं तर सही, नाही पटलं तर उठून घरी. तिथे बोललेलं कोर्टात वापरता येत नाही. एकेकीला आत वेगळं बोलावतील, तेव्हा जे सांगशील ते तू हो म्हटल्याशिवाय दुसरीला सांगत नाहीत. तेव्हा मोकळेपणाने बोल.

कलावतीकडे कोण येतं म्हणून विचारलंस. दूधवाला येतो. मी बहात्तर पायऱ्या उतरून पाळत ठेवायच्या वयाची राहिलेली नाही.

एक विचारते, रागावू नकोस. तानाजी माझा भाऊ होता. फर्म्यांवर तुझा जीव आहे हे मला कळतं. पण कुलूप घालायच्या आधी तू तिला दुसऱ्यांदा विचारलंस का?

शालन


वागळे इस्टेट
२० नोव्हेंबर २०२५

वन्सं,

दुसऱ्यांदा काय विचारायचं? चोराला दोनदा विचारतात का?

आज जाऊन आले. गोल टेबल. मध्यस्थ बाईचं नाव देवयानी, वकील आहे, साडी साधी, बोलणं पुस्तकातलं. पहिलंच वाक्य, "मालनताई, इथे खरं कोण आणि खोटं कोण हे मी ठरवणार नाही."

मी म्हटलं, "मग तुमचा उपयोग काय?"

हसली. राग आला नाही तिला. राग न येणाऱ्या माणसाची मला भीती वाटते.

मग आम्हाला वेगवेगळं आत घेतलं. मी घड्याळ लावून बसलेले. कलावतीला एक्केचाळीस मिनिटं, मला बावीस. एक्केचाळीस मिनिटं काय बोलत होत्या? बाहेर आली तेव्हा कलावतीचे डोळे लाल. आत रडून दाखवलं असणार. आणि पाण्याचा ग्लास पहिला तिच्यापुढे सरकवला, हे मी बघितलं. वर ही मॅडम राहते कुठे? डोंबिवलीत! सही करायच्या वहीत पत्ता दिसला. आता बोला.

माझी पाळी आली तेव्हा मला विचारते, "फर्मे तुमच्यासाठी काय आहेत?" मी म्हटलं, पत्रा आहे. ती गप्पच बसली. अशी गप्प बसते की आपणच बोलायला लागतो. मी ह्यांच्या हाताचं सगळं सांगून बसले. बाहेर आल्यावर कळलं, हिने माझ्याकडून काढून घेतलं.

इकडे कामाचीही कटकट. दोन कंपन्यांनी माल परत पाठवलाय, म्हणे अंगठ्यात आवळतो. पोरींना झापलं, खडूच्या आत कापू नका म्हणून. कलावतीनेच त्या कंपन्यांचे कान भरले असतील.

आजचे टाके सोळा. दोन वाढवलेत.

मालन


डोंबिवली पूर्व
२४ नोव्हेंबर २०२५

मालन,

डोंबिवलीत लाखो बायका राहतात. त्या सगळ्या काय कलावतीच्या मावश्या आहेत का?

एक्केचाळीस मिनिटं ती काय बोलली ते मला माहीत नाही. पण जिचं मन भरून येतं तिला वेळ लागतो. तू बावीस मिनिटांत आटपलंस कारण तू अर्धा वेळ घड्याळाकडे बघत होतीस.

अंगठ्यात आवळतो म्हणतात तर पोरींना झापायच्या आधी फर्मा एकदा नीट बघ. बाकी काही लिहीत नाही. मी लिहिणं बरं नाही.

शालन


वागळे इस्टेट
१२ डिसेंबर २०२५

वन्सं,

फर्म्याला काय धाड भरलीय? तुमच्या भावाच्या हातचा आहे. आरशासारखा चमकतो. "मी लिहिणं बरं नाही" म्हणजे काय? लिहायचं नाही तर मग शाई कशाला घालवता?

काल दुसरी बैठक झाली. आता मी काय केलं ते ऐका आणि कुणाला सांगू नका.

मॅडमने मला आत घेतलं, दार लावलं, आणि परत तेच पुराण, "इथलं बाहेर जात नाही." मनात म्हटलं, बघू या. मी आवाज बारीक केला आणि म्हटलं, "मॅडम, कुणाला सांगू नका, मी गाळा बंद करतेय. मार्चमध्ये मशिनी विकणार आणि गावाला जाणार. जीव नाही राहिला."

सगळं खोटं! गाळा कशाला बंद करते मी? पण आता ही गोष्ट जगात फक्त दोघींना माहीत. मला आणि तिला. तुम्ही धरून तीन. कलावतीच्या कानावर गेली तर समजायचं, मॅडम फुटलेली आहे. मग मी तिला तिथंच उघडी पाडणार. गावाकडं दूधवाल्यावर संशय आला की आत्या दुधाच्या चरवीत खुणेची तुळशीची काडी टाकायची, काडी दुसऱ्याच्या भांड्यात निघाली की चोरी कळायची, तसं.

वन्सं, मला त्या क्षणी जरा वाईट वाटलं, हे पण सांगते. मॅडमने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "एवढं ओझं कधीपासून एकटीने वाहताय?" नाटक असेल. पण चांगलं होतं.

पुढची बैठक ८ जानेवारी. टाके अठरा.

मालन


डोंबिवली पूर्व
१६ डिसेंबर २०२५

मालन,

अठरा मोजले.

गाळा बंद करणार नाहीस ना? नक्की? तुझ्या खोट्यात मला कधी कधी खरं दिसतं म्हणून विचारते. तानाजी गेल्यावर तू अगदी हेच वाक्य बोलली होतीस, "जीव नाही राहिला."

काडी टाकणाऱ्याने हेही बघावं की भांडं कोणाकोणाच्या हातातून जातं.

माझा गुडघा बरा आहे. विचारलं नाहीस तरी सांगते.

शालन


वागळे इस्टेट
८ जानेवारी २०२६

वन्सं,

सापडली! सापडली म्हणजे सापडली!

आज तिसरी बैठक. मी खुर्चीत बसते न बसते तोवर कलावती उभी राहिली. पदर मुठीत धरलेला. म्हणाली, "मालन, गाळा बंद करू नकोस. मला फर्मे नकोत. अर्ज मागे घेते मी. तू गावाला गेलीस तर ह्या फर्म्यांचं मी काय करू?"

ऐकलंत? गाळा बंद! गावाला! हिला कुणी सांगितलं? भिंतीने?

मी मॅडमकडे वळले आणि तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, दार लावून गोड बोलता आणि पलीकडच्या दाराने विकता. म्हटलं, तुमच्यापेक्षा बाजारातली कोळीण बरी, मासा शिळा असला तर वास तरी येतो. कलावती मधे काहीतरी बोलत होती, "मालन, यांनी नाही गं," मी ऐकलं नाही.

आणि मॅडम? एक शब्द, वन्सं. "मी काही सांगितलेलं नाही." झालं. मी ओरडले, "मग मी आत तुम्हाला काय सांगितलं होतं ते बोला की सगळ्यांसमोर!" तर म्हणते, "तेही मी सांगू शकत नाही." चोर पकडला गेला की असाच गप्प होतो.

मी उठून आले. केंद्रातल्या क्लार्कने मागून येऊन सांगितलं, २२ तारखेला शेवटची बैठक. आला नाहीत तर मध्यस्थी फसली म्हणून कागद निघेल, मग पुढे कोर्ट. निघू दे. अर्ज मागे घेते म्हणाली त्यात पण डाव असणार. फर्मे नकोत तर दोन महिने कशासाठी नाचवलं मला?

टाके मोजायची गरज नाही, मीच मोजले नाहीत.

मालन


डोंबिवली पूर्व
१० जानेवारी २०२६

मालन,

बसून वाच.

मॅडमने सांगितलं नाही. मी सांगितलं.

तुझं डिसेंबरचं पत्र आलं त्याच्या चौथ्या दिवशी कलावती माझ्याकडे आली होती. येते ती. गेलं वर्षभर दर सोमवारी येते, माझ्या गुडघ्याला तेल लावून जाते. तू लक्ष ठेव म्हणालीस, म्हणून मी लक्ष ठेवत होते. तुला लिहिलं नाही, कारण तू तिचं येणंही कटात धरलं असतंस.

ती म्हणाली, वकील म्हणतो जानेवारीत मिटलं नाही तर सरळ दावा लावू. मी म्हटलं, मालन गाळा बंद करून गावाला चाललीय. एवढंच म्हटलं. खोटं आहे हे सांगितलं नाही. तू मॅडमला पारखत होतीस, मला कलावतीला पारखायचं होतं. म्हटलं, बघू, ही आनंदाने उडी मारते का.

ती जमिनीवर बसली, मालन. तेलाची वाटी लवंडली. म्हणाली, "शालनताई, माझ्यामुळे झालं का हो?"

बाकी तू बघितलंस. त्या मॅडमने तुझं खोटं पोटात ठेवलं, आणि तू तिला कोळिणीखाली बसवलंस तरी तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं ते तुझ्या घरच्या माणसाने. चौदा टाके, सोळा टाके, अठरा टाके घातलेस, पण पाकीट फोडून वाचणारी मीच होते ना गं.

मला काय बोलायचं ते बोल. पण २२ तारखेला जा.

शालन


वागळे इस्टेट
१२ जानेवारी २०२६

पत्र मिळालं. मला पुन्हा लिहू नका.

मालन


डोंबिवली पूर्व
१५ जानेवारी २०२६

मालन,

लिहू नका म्हणालीस, पण मी तुझ्या नवऱ्याची मोठी बहीण आहे, मला लिहायला तुझी परवानगी लागत नाही.

सोबत वर्तमानपत्राची घडी आहे. फेकू नकोस. कलावती ज्या कागदावर पेन्सिल फिरवत होती, तो हा. गाळा सोडला त्याच दिवशी माझ्याकडे आणून दिला आणि मला शपथ घातली, मालनला कधी सांगायचं नाही. आज ती शपथही मोडते. एक मोडली तिथे दोन.

कागदावर दोन रेघा आहेत. आतली रेघ तुझ्या कपाटातल्या फर्म्याची, अंगठ्यासकट अख्ख्या हाताची. बाहेरची रेघ पहिल्या जोडीची. आठवते का ती जोडी? तानाजीने फर्मे कापल्यावर सगळ्यात आधी शिवलेली. कलावतीने ती देवाजवळ ठेवली होती, अजून तिच्याकडे आहे. जोडीचा अंगठा उसवून, ती सपाट पसरून तिने खरं माप काढलं. कारण अंगठा आवळतो ही तक्रार तेव्हाच यायला लागली होती, आणि ती तुझ्यापर्यंत येऊ न देता कलावती एकटी निस्तरत होती.

फर्मा झिजलाय, मालन. आणि का झिजलाय ते तुला मी सांगायला नको. दर खंडेनवमीला कानस कोण मारतं? पॉलिश पेपर कोण घासतं?

कलावती म्हणाली होती, "तिला कसं सांगू, की पूजा करून करून तूच भावोजींचा हात बारीक केलास?" म्हणून ती गप्प बसली. तू त्याला चोरी म्हणालीस आणि कुलूप घातलंस. त्यानंतर तिलाही राग आला, माणूसच आहे ती. म्हणून अर्ज.

फर्मा काढ आणि कागदावर ठेवून बघ.

शालन


वागळे इस्टेट
२३ जानेवारी २०२६

वन्सं,

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही हुरळून जाणार नाही.

कागद आला त्या दिवशी मी उघडला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या गेल्यावर कपाट उघडलं. फर्मा ठेवला. चारी बाजूंनी फट. कुठे खडूच्या रेघेएवढी, अंगठ्याच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी. मी सरकवून सरकवून बघितलं, की माझं ठेवायचं चुकलं असेल. नाही चुकलं. मग आपला हात त्या बाहेरच्या रेघेवर ठेवला. एवढा मोठा होता त्यांचा हात, वन्सं. मी विसरलेले.

काल गेले. फर्मे पिशवीत, वर्तमानपत्र ब्लाऊजमध्ये. क्लार्कला म्हटलं, आधी मला एकटीला मॅडमना भेटायचंय.

दार लावलं. मी म्हटलं, "मी खोटं बोललेले. गाळा बंद करत नव्हते. तुम्ही फुटता का बघत होते. वर शिव्या पण दिल्या."

मॅडम म्हणाली, "बरं. हेही बाहेर जाणार नाही."

मी म्हटलं, "अहो, आता जाऊ द्या की बाहेर!"

म्हणते, "ते तुम्हीच सांगा." आणि दार उघडलं. दगड आहे बाई. असा दगड मला धंद्यात मिळाला असता तर!

कलावती आली. मी काही न बोलता कागद टेबलावर पसरला आणि वर फर्मा ठेवला. तिने फटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आखताना माझा हात कापत होता, एवढं बारीक मोजू नकोस."

मी खोट्याचं सांगितलं. वाटलं होतं हसेल. नाही हसली. चिडली. "वर्षभर मला चोर म्हटलंस, आणि वर माझी परीक्षा? मी तीन रात्री झोपले नाही गं, मेले!" मी म्हटलं, परीक्षा तुझी नव्हती, मॅडमची होती. ती म्हणाली, "तुझा पेपर दर वेळी दुसऱ्याच्याच हातात पडतो." खरं आहे. मी म्हटलं, चुकलं माझं, लिहून देऊ का? म्हणाली, "नको, तू लिहायला बसलीस की पाकीट शिवतेस." तुम्ही तेही सांगितलंत तर तिला.

तर ठरलं ते असं. बाहेरच्या रेघेवरून नवे फर्मे कापायचे, दोन संच. पत्रेवाला मी बघणार, माप ती तपासणार. माझा गाळा माझा, तिचा तिचा. भागीदारी परत नाही. तिने विचारलं नाही, मीही नाही. एकदा कुलूप बघितलेलं माणूस दारातून आत येतं, पण पिशवी खाली ठेवत नाही. जुने फर्मे माझ्याकडे, भिंतीला. कानस बंद. खंडेनवमीला नुसतं फूल.

मग मी म्हटलं, पहिल्या जोडीतला एक हातमोजा मला दे, उजवा. ती म्हणाली, "जोडी फोडायची नाही." मी म्हटलं, मग लिहा कागदात, जोडी सहा महिने तिच्याकडे, सहा महिने माझ्याकडे. मला वाटलं मॅडम हसेल. तिने मान खाली घालून कलम लिहिलं, "हातमोजे, जोडी एक, उसवलेली, आळीपाळीने." वरून विचारते, "पहिले सहा महिने कोणाकडे?" कलावती म्हणाली, मालनकडे.

मी सगळा कागद तीनदा वाचून घेतला. प्रत्येक शब्द. मॅडमने तिन्ही वेळा तेवढ्याच हळू वाचला. मग सही केली. कलावतीने माझ्याकडचंच पेन घेतलं आणि परत द्यायला विसरली. तेवढ्यावरून मी काही संशय धरणार नाही. पण तुम्ही सोमवारी तिला आठवण करा.

जोडी माझ्यासमोर आहे. कलावतीने अंगठा उसवला तो तसाच आहे. मी अजून शिवला नाही.

गुडघा कसा आहे? तेल ती लावते ना, लावू दे. पुढच्या आठवड्यात मी पण येईन, तेव्हा तुम्हाला तोंडावर बोलायचं आहे ते बोलेन.

आजच्या पाकिटाला टाके चारच घातलेत. एकदम सोडायला जमत नाही.

मालन